हेळ्याच्या सड्यावरचा ढग

पळसाचा तांडा, पो. गोरेगाव
१२ सप्टेंबर २००५

चि. बेबीस,

वसरामचा आशीर्वाद. अक्षर ओळखून फाडलं न्हाईस तर पुढं ऐक. तुला वाचता येत न्हाई, म्हणजे दिपा वाचून दाखवत असंल. दिपा, मी तुझा मामा. तू मला बघितलेलं तुला आठवणार न्हाई, तवा तू चार वर्षांची होतीस. आता दहावीला हायेस असं तुझ्या दादाच्या, रणजीतच्या, जीपमधल्या लोकांकडून कळलं. मी त्याच्या जीपमध्ये चढलो की तो आरशातून एकदा बघतो, मग सेनगाव येईपर्यंत बघत न्हाई.

पत्राचं कारण असं की मागच्या आठवड्यात मला एक पाकीट आलं. पत्त्यावर जिल्हा परभणी लिहिलेलं, म्हणून ते परभणीला जाऊन, हिंगोलीला फिरून, मग गोरेगावात आलं. आतमध्ये आजरेकर नावाच्या बाईचं पत्र होतं. कोल्हापूरच्या पलीकडं, घाटमाथ्यावर, हेळ्याचा सडा म्हणून डोंगर हाय, तिथून.

डोंगराचं नाव वाचून दिपा थांबली असंल तर तिला सांग, पुढं वाच.

बाई कॉलेजात झाडांचं शिकवायच्या, आता रिटायर हायेत. त्यांनी आणि त्यांच्या काही माणसांनी मिळून तो डोंगर विकत घेतला. सरकारी न्हाई, सोताचाच हाय, पण सोता बी एक फांदी तोडत न्हाईत. जंगल जसं हाय तसं राहू द्यायचं, एवढंच काम. त्यांना जुन्या तोडीचे कागद सापडले. त्यात मुकादम म्हणून माझं नाव. त्या लिहितात, ‘तुटलेल्या भागात कोणती झाडं होती हे सांगणारं कुणीच उरलेलं नाही. आपण आलात तर आम्हाला त्याच जागी तीच झाडं लावता येतील. आपल्यावर आमचा काही राग नाही.’

शेवटची ओळ मी चारदा वाचली.

माझं मन जायचं न्हाई. तरी तुला न विचारता ना म्हणणं मला बराबर वाटंना, कारण तो डोंगर जितका माझा तितका तुझा. अकरा वर्षांमागं मी तुझ्या दारात येऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं. तू एकच बोललीस, ‘माझा माणूस पीत नव्हता.’ आणि दार लावून घेतलंस. त्याच्यानंतर तू माझ्याशी एक शब्द बोलली न्हाईस. आपली याडी, आपली माय, गेली तवा सुद्धा तू शेताच्या अंगानं आलीस, तिच्या पायाला हात लावलास आणि शेताच्याच अंगानं गेलीस. माझ्या दारातून न्हाई.

मी जाऊ का नको, एवढंच कळव. तुझी ना असंल तर जात न्हाई.

तुझा भाऊ,
वसराम


हेळ्याचा सडा
२४ ऑक्टोबर २००५

चि. बेबीस आशीर्वाद.

सव्वा महिना वाट बघितली. तुझी हो आली न्हाई, ना बी आली न्हाई. मग निघालो. तुझी वहिनी म्हणाली, ‘काहून जाता? तिथं काय ठेवलंय?’ मी म्हणालो, बोलावलंय म्हणून जातो.

हिंगोलीहून परभणी, परभणीहून रात्रभर बसून कोल्हापूर, तिथून सावंतवाडीच्या गाडीनं घाटाच्या अलीकडच्या फाट्यावर उतरलो. धाकू झोरे नावाचा धनगर घ्यायला आला होता. तो बाईंकडं राखणीला हाय. पन्नाशीचा असंल. सगळ्या वाटेत त्यानं मला एकच विचारलं, ‘तुमीच का ते मुकादम?’ मी व्हय म्हणालो. मग तो पुढं चालला आणि मी मागं.

बाई सत्तरच्या आतबाहेर, एवढ्याशा, पायात गमबूट. मला ‘वसरामजी’ म्हणतात. कॉलेजची पोरं येऊन राहतात ती खोली मला दिली. खाट, दोन रग, गरम पाणी. मला लाज वाटून राहिली होती, पण काय करणार, बसलो त्या खाटेवर.

पहिल्या दिवशी त्यांनी मला उभं जंगल दाखवलं, जिथंपर्यंत आपली कुऱ्हाड पोचली न्हाई ते. बेबी, आपल्याकडं दिवाळीच्या टायमाला आभाळ कसं पुसल्यासारखं असतं. इथं ढग माणसांसारखे पायी फिरतात. दारातून आत येतात. जंगलात शिरलो तर डोक्यावर टपटप सुरू. मी म्हणालो, पाऊस आला. बाई म्हणाल्या, ‘पाऊस नाही हा. पाऊस जाऊन दहा दिवस झाले. झाडं ढगाला अडवतात, पानावर त्याचं पाणी होतं, ते पडतंय.’ बघतो तर खरंच, झाडाबाहेर आलं की कोरडं आणि झाडाखाली गेलं की ओलं. खोडांवर शेवाळ असं की बोट लावलं तर दोन पेरं आत जातं. फांदीवर दुसरीच झाडं उगवलेली, त्यांना पांढरी फुलं. झाडं लई उंच न्हाईत, वाकडीतिकडी, म्हाताऱ्या माणसांच्या हातासारखी. आवाज म्हणून न्हाई. नुसतं टपटप.

मी सात महिने ह्या डोंगरावर होतो. एकसुद्धा झाड मी असं बघितलं नव्हतं. तोडणारा माणूस बुडाकडं बघतो, आणि झाड कुणीकडं कललंय तेवढं बघतो. बाकी त्याला काही दिसत न्हाई.

काल तुटलेल्या अंगाला गेलो. तिथं गवत आणि कारवीची झुडपं. बाईंच्या हातात वही. मला वाटलं, मी काय सांगणार, मला तर इथल्या एका झाडाचं नाव ठावं न्हाई. पण एका कुजलेल्या बुडापाशी उभा राहिलो आणि हाताला आठवलं. मी म्हणालो, ‘ह्याचं नाव न्हाई सांगता येत. पण ह्याला कुऱ्हाड उसळायची. गडी दिवसाला दोन तोडायचा, तिसऱ्याला धार जायची.’ बाई एकदम ओरडल्या, ‘अंजनी! अंजनी ती!’ आणि लिहून घेतलं. दुसऱ्या बुडापाशी सांगितलं, ह्याच्या चिकानं हाताला फोड यायचे, बायका ह्याला हात लावायला ना म्हणायच्या. तिसरं, ह्याचा कोळसा हलका व्हायचा म्हणून भट्टीत शेवटी घालायचो. चौथ्याच्या सालीला जिऱ्यासारखा वास होता. असं करत संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस बुडं झाली. प्रत्येकापाशी धाकूनं खुंटी ठोकली आणि खुंटीवर नंबर टाकला.

बाईंनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, ‘वसरामजी, तुमच्याशिवाय हे कुणाला जमलं नसतं.’ जन्मात मला कुणी इतकं नावाजलं न्हाई, आणि नावाजलं ते ह्या कामासाठी.

उद्या वरच्या अंगाला जायचं हाय. सड्याच्या टोकाला. बाकी ठीक.

तुझा भाऊ,
वसराम


हेळ्याचा सडा
२६ ऑक्टोबर २००५

बेबी,

काल वर गेलो. मी बाईंना म्हणालो, वरचं मला आठवत न्हाई, पाय दुखतोय, खालचंच करू. त्या म्हणाल्या हळूहळू जाऊ. मग काय बोलणार.

सड्याच्या टोकाखाली एक सपाट तुकडा हाय. तिथं तीन दगड एकाला एक लावून ठेवलेले. भोवतीचं गवत कापलेलं. मला वाटलं, इथल्या लोकांचा देव असंल. धाकू तिथं थांबला. पायातल्या वहाणा काढल्या. आणि बाईंसमोर मला म्हणाला, ‘हितं तुमचा एक गडी जाळल्याला. म्या तवा खालतीच म्हसरं राखत हुतो. तुमी समदी गेला, मग म्या दगड मांडलं. म्हसरं उभी ऱ्हात्यात म्हनून.’

अकरा वर्षं तो तिथलं गवत कापतोय. कुणाचं काय ठावं नसताना.

बाईंनी वही मिटली. माझ्याकडं बघितलं. धाकूनं विचारलं, ‘त्येचं कोन हुतं?’

मी काय सांगितलं ते लिहवत न्हाई. धाकू आणखी बरंच बोलला, ते बी लिहीत न्हाई. बाई खाली आल्या. जेवायला वाढलं, पण वही काढली न्हाई.

आता जे लिहितो ते दिपा, तू आईला दोनदा वाचून दाखव. एकदा सावकाश, आणि मग अजून एकदा.

तुझा माणूस, नरसिंग, त्या दिवशी पिला नव्हता. त्या दिवशी न्हाई आणि कधीच न्हाई. दारूच्या नशेत कड्यावरून पडला हे मी रचलं. तो पडला न्हाई. ढगात त्याच्यावर झाड आलं.

आपल्याला खालच्या अंगाची परवानगी होती, वरच्या अंगाची नव्हती. ठेकेदार म्हणाला, वरचं कोण बघतंय, ढगात तर असतं. आमी हद्दीबाहेर तोडून राहिलो होतो. तिथं माणूस मेला असं कळलं असतं तर पोलीस वर आले असते आणि आख्खी टोळी आत गेली असती, बायकालेकरांसकट. म्हणून मी टोळीला म्हणालो, कुणी विचारलं तर सांगा, पिलेला होता, कड्यावरून गेला. सगळ्यांनी मान हलवली. गावाकडं आल्यावर सुद्धा तेच चाललं. एकदा सांगितलेलं परत कसं घ्यायचं?

तुला दारुड्याची बायको म्हणले, माझ्या कानावर यायचं. रणजीतच्या सोयरिकीला बापाचं काढलं, ते बी कळलं. मी तवा चावडीवरच बसलेलो होतो. उठून गेलो.

इथं मी आणखी एक बघितलं. ढग खालून चढत आला. उभ्या जंगलात शिरला आणि तिथं टपटप सुरू झालं. तुटलेल्या अंगावरून तसाच सरकत निघून गेला. एक थेंब न्हाई. त्याला अडवायला तिथं कुणी नव्हतं. धाकूच्या वाडीचा झरा आता होळीनंतर आटतो, बायका मैलभर खाली जातात. हे त्यानं रागानं न्हाई सांगितलं. आपण आपल्याकडं पाऊसपाणी सांगतो तसं सांगितलं.

परवा निघतो.

वसराम


पळसाचा तांडा
२० नोव्हेंबर २००५

चि. बेबीस,

दिपाचं पत्र मिळालं. शाळेच्या वहीचा कागद, दोन ओळी. ‘आई विचारते, पीत नव्हते तर ढगात झाड तोडायला त्यांना कुणी लावलं? आईने सांगितले तेवढेच लिहिले आहे.’

अकरा वर्षांनी तू मला काही विचारलंस. मी पत्र घेऊन शेतात गेलो. तुरीत बसून राहिलो. तुझी वहिनी शोधत आली आणि म्हणाली, ‘कुणी गेलं का?’ मी तिला बी तिथंच सांगितलं. ती ऐकून उठली, विळा घेतला आणि घरी गेली. आठ दिवस झाले, ताट वाढती पण बोलत न्हाई.

मी लावलं, बेबी.

मे महिन्याची एकवीस तारीख होती. वळवाचे ढग यायला लागलेले. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, पाऊस लागला की रस्ता जाईल, दोन ट्रक उभे हायेत, आज भरायला पाहिजेत. सकाळपासून सड्यावर असा ढग की हातातल्या कुऱ्हाडीचं पातं दिसंना. गडी बसून होते. मी फिरून फिरून सगळ्यांना उठवलं. नरसिंग तेवढा उठला न्हाई. कामावर तो मला मुकादमच म्हणायचा. म्हणाला, ‘मुकादम, झाड कुणीकडं जाईल दिसंना. वर वेल हायेत, शेजारच्याला बांधलेलं असंल तर ते बी ओढून आणंल. ढग उठू द्या, मग तोडतो.’

बराबर बोलला होता. मला कळत होतं की बराबर बोलला.

पण टोळी बघून राहिली होती. आज ह्याचं ऐकलं तर उद्या सगळेच बसतील असं मला वाटलं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, ‘बायकोच्या भावाची टोळी हाय म्हणून बसून खायला आलास का? पोरगी देताना आमी माणूस बघितला होता, बाई बघितली नव्हती.’

तो माझ्याकडं बघत राहिला. रागानं न्हाई. मग उठला, पदर खोचल्यासारखं धोतर खोचलं, कुऱ्हाड उचलली आणि ढगात गेला. मला तो दिसंना, नुसते घाव ऐकू येत होते. मी मोजत बसलो होतो. मग झाड मोडल्याचा आवाज आला, आणि त्याच्या मागून दुसऱ्या झाडाचा.

तो म्हणाला होता तसंच झालं होतं. वेलीनं शेजारचं झाड ओढून आणलं. तो पहिल्याच्या वाटेतून हटला होता, दुसऱ्याखाली सापडला.

एका दमात गेला. तकलीफ झाली न्हाई, एवढं तुला सांगतो.

दिवस मावळायच्या आत उरकायचं म्हणून तिथंच सरण केलं. सगळं लाकूड ओलं, शेवाळाचं. पेट घेईना, नुसता धूर. शेवटी भट्टी फोडली आणि आमी काढलेला कोळसा आणून लावला. त्यानं पेटलं.

धाकूनं विचारलं, त्याचं कोण होतं. मी सांगितलं, ‘कुणी न्हाई.’ तेच मला लिहवत नव्हतं. तू, रणजीत, दिपा, तिघांना मी एका शब्दात पुसलं. निघायच्या दिवशी बाई फाट्यापर्यंत सोडायला आल्या होत्या, तरी माझं तोंड उघडलं न्हाई. घरी आल्यावर बाईंना पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, धाकूला वाचून दाखवा म्हणालो. त्यांचं उत्तर आलं. लिहितात, ‘एक्केचाळीस खुंट्यांच्या यादीत आता नरसिंग चव्हाण हे नाव सुद्धा लिहिलं आहे. त्यांच्या घरच्यांनी यावं. खोली त्यांचीच समजावी.’

तू मला जी शिक्षा देशील ती दे. पोलिसांत जा म्हणलीस तर मी सोता जातो.

वसराम


पळसाचा तांडा
९ जानेवारी २००६

बेबी,

तू परवा सगळ्यांसमोर म्हणालीस, ‘आता मला पत्र लिहू नको.’ हे शेवटचं. हे माझ्यासाठी न्हाई, तू आणि रणजीत सड्यावर जाणार असं कळलं, त्या वाटेसाठी लिहितो. पण दिपा त्या दिवशी तुझ्याबरोबर नव्हती, तिची परीक्षा होती. तिला कुणी वेगळं सांगण्याआधी तिनं माझ्या हातचं वाचावं, म्हणून आधी तेवढं लिहितो.

दिपा, तुझ्या आईनं निरोप धाडला होता, ‘जे मला लिहिलं ते तांड्यासमोर सांग.’ तांड्याचे नायक शेषराव, त्यांच्या ओट्यावर लोकं जमली. तुझी आई हिंगोलीहून आली, हळदीच्या आडतीवरून तशीच, हात पिवळे. रणजीत तिच्या मागं उभा. तिनं बसायला ना म्हणलं. मी उभा राहून सांगितलं, नरसिंग पीत नव्हता, मी खोटं बोललो, ढगात मी त्याला लावलं, काय बोलून लावलं ते बी सांगितलं. शेवटी म्हणालो, एका दमात गेला.

तवा प्रेमदास उठला. तो आमच्या टोळीत होता, आता त्याला दम लागतो, भिंतीला धरून उभा राहिला. म्हणाला, ‘मुकादम, आता एवढं सांगितलंस तर तेवढं काहून ठेवतोस? तो दोन तास जिता होता. माझ्या मांडीवर होता.’



प्रेमदास खरं बोलला. दोन ट्रकांतला एक भरलेला होता, एक अर्धा. खाली सरकारी दवाखाना होता, तासाभराची वाट. पण हद्दीबाहेरचा माल घेऊन ट्रक नाक्यावर धरला असता. मी म्हणालो, ‘आधी ट्रक रिकामा करा, मग ह्याला घालू.’ टोळी ट्रक रिकामा करून राहिली आणि मी शेजारी उभा राहून घाई करा, घाई करा म्हणत होतो. ट्रक रिकामा झाला तवा त्याला घालायची गरज उरली नव्हती. धाकूला सुद्धा खालपर्यंत त्याचा आवाज येत होता. त्यानं मला सड्यावर तेच विचारलं होतं, ‘एवढा येळ वराडत हुता, न्हेला का न्हाई?’ ते बी मी लिहिलं नव्हतं.

मी तुझ्या आईला पत्रात लिहिलं की तकलीफ झाली न्हाई. खरं सांगत असतानाही मी एक खोटं ठेवलं होतं. तिच्यासाठी ठेवलं असं मला वाटत होतं. ते माझ्यासाठीच होतं.

तुझ्या आईनं माझ्याकडं बघितलं न्हाई. प्रेमदासला विचारलं, ‘काय बोलले?’

प्रेमदास म्हणाला, ‘पाणी मागितलं. दिलं. रणजीतला शाळेतून काढू नको म्हणाले. आणि मधीमधी विचारायचे, ढग उठला का, ढग उठला का. मी म्हणालो, उठून राहिलाय.’

रणजीत तिथून चालत जीपपाशी गेला आणि जीपच्या टपावर डोकं टेकून उभा राहिला. शेषराव नायकांनी विचारलं, ‘बाई, ह्याला काय करायचं ते सांग. तांडा मानंल.’ तुझी आई म्हणाली, ‘काही करू नका. माझा माणूस पीत नव्हता, हे सगळ्यांनी ऐकलं ना?’ नायक म्हणाले, ऐकलं. तिनं बायकांकडं तोंड केलं आणि परत विचारलं, ‘ऐकलं ना?’ बायकांत कुणीतरी रडून राहिलं होतं. मग ती मला म्हणाली ते वर लिहिलंच हाय.

आता वाट सांगतो. बेबी, रणजीतला हे नीट ऐकायला सांग.

होळीच्या आत जा, मग झरा आटतो. हिंगोलीहून सकाळच्या गाडीनं परभणी. तिथून कोल्हापूरच्या गाडीला खिडकीशेजारी बस, तुला गाडी लागते. कोल्हापूरहून सावंतवाडीची गाडी. कंडक्टरला हेळ्याचा फाटा म्हणून सांगा, न्हाईतर तो घाटाखाली नेऊन सोडंल. बाईंना मी तुमचं येणं कळवलेलं हाय, दिवस तुमी कळवा. पत्ता पाकिटाच्या मागं लिहिलाय. धाकू फाट्यावर येईल. तो बोलत न्हाई, म्हणून राग मानू नको. तो लई भला माणूस हाय.

स्वेटर घ्या, दोघं बी. पायाला जळवा लागतात, तंबाखूचं पाणी लावायचं, ओढून काढायच्या न्हाईत. वर चढायला दोन तास. आधी उभं जंगल लागंल, तिथं डोक्यावर पाणी पडंल, ते पाऊस न्हाई. मग मोकळं लागंल. तिथं बाईंनी रोपं लावायला घेतलीत, गुडघ्याएवढी, काठ्यांना बांधलेली, त्यांच्यावर पाय पडू देऊ नका. तिथून टोक दिसतं. टोकाखाली तीन दगड. मी येणार न्हाई, कधीच येणार न्हाई. तुला तिथं मी भेटंन अशी धास्ती धरू नको.

एक ध्यानात ठेवा. मोकळ्या अंगाला कडा हाय. ढग तिकडं सांगून येत न्हाई. आला की जिथं असाल तिथं बसा. धाकू म्हणाला मला वाट ठावी हाय, चला, तरी उठू नका. गाडी चुकली तर चुकू द्या, बाईंची खोली हाय. समोरचं झाड दिसेपर्यंत बसून राहा. कितीबी वेळ लागू द्या.

वसराम